अंबडचा हाफ क्लच

नाशिकच्या अंबडमध्ये मोटारीच्या कुठल्याच सुट्या भागाशी संबंध नाही असं घर शोधायचं तर थोडं फिरावं लागतं. कुणी शाफ्ट घासतो, कुणी गिअरला दात पाडतो, कुणी प्रेसखाली पत्रा दाबतो, कुणी हे सगळं टेम्पोत भरून सातपूरला पोचवतो. २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आली ती नाशिकच्याच महिंद्राच्या कारखान्यातून; बोलेरोही इथे बनते. त्यामुळे रस्त्यावरून गाडी गेली की ‘यातला अमुक तुकडा आमच्या शॉपमधला’ असं छातीवर हात ठेवून सांगणारे एमआयडीसीच्या प्रत्येक टपरीवर भेटतात. यातल्या किती जणांना ती गाडी चालवता येते, हे मात्र टपरीवर विचारू नये. चहा थंड होतो.

दाखल्यादाखल एक फोरमन घेऊ. नाव नको, असे फोरमन इथे गल्लोगल्ली आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं, सिडकोत स्वतःचं घर, मुलगी इंजिनिअरिंगला, आणि उभा जन्म मोटारसायकलवर गेलेला. शॉपमध्ये ह्यांचा शब्द चालतो. पाच मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तर जॉब रिजेक्ट, आणि ऑपरेटरला चहा मिळणार नाही. हा गृहस्थ एके दिवशी घरच्यांच्या आग्रहाला बळी पडून मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरतो. सकाळी पहिल्या पाळीच्या बसेस सुरू होण्याआधी पाथर्डी फाट्याच्या कोपऱ्यावर उभा राहतो. समोर डोक्यावर पाटी बांधलेली पांढरी छोटी गाडी येऊन थांबते. आत बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा.

“काका, सीट पुढे घ्या. क्लच कशाला असतो माहीत आहे ना?”

हा प्रश्न फोरमनला विचारायचा नसतो. त्याने फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, फ्रिक्शन प्लेट, डायफ्रामची स्प्रिंग असं सगळं व्यवस्थित सांगितलं. पोराने मान डोलवून ऐकून घेतलं. “एकदम बरोबर. आता सोडा हळूहळू.”

गाडीने एक गचका खाल्ला, बोनेट खाली वाकलं, आणि शांतता पसरली.

इथे गाडी शिकण्याचा खरा तिढा आहे. क्लच डोक्याला समजतो, पायाला समजत नाही. शास्त्र सोपं आहे. उभ्या गाडीचं पेट्रोल इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे मारत असतं आणि चाक जागेवर थिजलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण चौदा-पंधरा फेरे तेव्हा चाकाचा एक, असा हिशेब. म्हणजे रेस न देताही गाडी ताशी पाच-सहा किलोमीटरने, माणूस चालतो तशी, निघायला हवी. पण शून्यापासून तिथपर्यंत पोचेतो मधले दोन-तीन सेकंद क्लचच्या प्लेटने घसरत घसरत तडजोड करायची असते. या घसरण्यालाच हाफ क्लच म्हणतात. ती जागा पेडलच्या प्रवासात कुठेशी बोटभर असते. दुसऱ्या गाडीत ती दोन बोटं वर, जुन्या झिजलेल्या प्लेटच्या गाडीत अगदी शेवटाला. कुठल्याही पेडलवर तिची खूण केलेली नसते आणि तिथे व्हर्निअर लागत नाही.

मोटारसायकलवाल्याला वाटतं, आपल्याला क्लच येतो. येतो, पण हाताला. हाताची बोटं लिहितात, नट फिरवतात, जानव्याची गाठसुद्धा मारतात. डाव्या पायाने आयुष्यभर काय केलं? उजव्याच्या मागून चालला. आणि मोटारसायकलवर त्याने गिअर टाकलेले असतात. त्यामुळे मोटारीत घाईच्या वेळी तो क्लचवर दण्णदिशी आपटतो आणि सोडतानाही तसाच सुटतो.

त्यातल्या त्यात या पिढीचं बरं. बजाजची चेतक १९७२ पासून रस्त्यावर होती. तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, शिवाय बंद पडली की आडवी करायची. त्या स्कूटरवर ज्यांचं तारुण्य गेलं त्यांना निदान हे ठाऊक असतं की यंत्राला दुसऱ्या गिअरमधून उठवलं तर ते रुसतं. पुढे १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, तिने बटणावर चालू व्हायचं आणि गिअरवाचून पळायचं असं दोन्ही दाखवलं. मग अ‍ॅक्टिव्हा. आज सिडकोतली जी मुलं-मुली गाडी शिकायला येतात त्यांच्यातल्या पुष्कळांनी जन्मात क्लच दाबलेला नसतो. त्यांच्या लेखी डावीकडे ब्रेकच असतो. त्यांना ‘क्लच दाबा’ म्हटलं की पाय तयार असतो; ‘आता सोडा’ म्हटलं की ती शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात.

गंमत अशी की पहिले काही दिवस सगळ्यांनाच गाडी छान येते. उड्या नाहीत, गचके नाहीत, फोरमन घरी येऊन सांगतो, “काही नाही गं त्यात.” याचं रहस्य कायद्यात आहे. शिकवण्याच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. म्हणजे पोराच्या पायाशीही पेडलं असतात. काका क्लच सोडतात तेव्हा तो आपल्या बाजूने अलगद धरून ठेवतो. काका ब्रेक विसरतात तेव्हा तो मारतो, आणि हे सगळं खिडकीबाहेर बघत, फोनवर दुसऱ्या शिकाऊला ‘पोचतोच पाच मिनिटांत’ असं सांगत. एका सकाळी तो दोन्ही पाय मुडपून घेतो. त्या सकाळी गाडी गरवारे पॉइंटच्या आधीच चारदा बंद पडते आणि मागच्या टेम्पोवाल्याचा हॉर्न फोरमनला पहिल्यांदाच स्वतःसाठी वाजल्यासारखा वाटतो.

नियमांची गोष्ट निघालीच आहे तर, ते भलतेच तपशीलवार आहेत. शिकाऊ गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, त्याची रेघ २ सेंटिमीटर जाड आणि तळाची रुंदी ९ सेंटिमीटर. अंबडच्या फोरमनला आवडावं असं हे ड्रॉइंग. फक्त टॉलरन्स द्यायचा राहिलाय. प्रत्यक्षात ही अक्षरं लाल चिकटपट्टीची असतात आणि पहिल्या पावसात त्यांची एक टांग गळून पडते. हलक्या वाहनासाठी ट्रेनिंग स्कूलचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं, असंही नियमात आहे. दहा तास ऐकायला खूप वाटतात. त्यातले लेखानगरच्या आणि इंदिरानगर बोगद्याच्या गर्दीत नुसतं उभं राहण्यात गेलेले वजा केले की जे उरतं ते शिक्षण.

लर्निंग लायसन्सचं त्या मानाने काहीच नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात ते घरबसल्या ऑनलाइन मिळतं, १५ प्रश्नांतले ९ बरोबर आले की झालं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला निदान ३० दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस धोक्याचे. कारण या काळात घरचे शिकवायला घेतात.

शेजारी लायसन्सधारक बसलेला असावा आणि त्याला गाडी थांबवता यावी, एवढीच कायद्याची अपेक्षा. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो. असतो तो हँडब्रेक आणि आवाज. नवरा बायकोला शिकवताना हँडब्रेक कमी आणि आवाज जास्त वापरतो. “क्लच, क्लच, अगं क्लच!” यातला कुठला दाबायचा आणि कुठला सोडायचा हे तिने स्वरावरून ओळखायचं. म्हणूनच सिडकोतल्या शहाण्या बायका सरळ फी भरून शिकतात आणि परवाना हातात आल्यावरच घरी सांगतात. त्यांची परंपरा थोर आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्यानेच बनवलेली तीनचाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेर गाठलं. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. गाडीला पुढे जायचे वेग दोनच, त्यामुळे चढ आला की मुलांनी उतरून ढकलायचं. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. तेव्हा ‘बायकांना गिअरचं कळत नाही’ असं म्हणणाऱ्याने पहिल्या गिअरला हात लावू नये, हे बरं.

घरचे परवडले, पण सल्लागार नकोत. शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर सांगतात, “गिअर पाडताना डबल क्लच मारा.” कॅडिलॅक कंपनीने १९२८ सालीच सिंक्रोमेश आणून हे कष्ट कमी केले आणि आजच्या मोटारीत ते लागत नाहीत, पण ज्यांनी जुन्या गाड्या हाताळल्या त्यांच्या पायातून ती सवय जात नाही. चौथ्या मजल्यावरचे आजोबा फियाटवर शिकलेले. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच असायचा, म्हणून ते नव्या गाडीत बसले की आधी वायपर सुरू करतात. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाचा हात वरून खाली, दोन सीटांच्या मधे आला. तिथे तो स्थिरावेपर्यंत रिव्हर्सने जागा बदलली. कुठे तो उजवीकडे खाली, कुठे डावीकडे वर आणि त्यासाठी रिंग उचलायची. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकलेला मनुष्य नव्या गाडीत रिव्हर्स समजून भलताच गिअर टाकतो आणि सोसायटीच्या भिंतीकडे आत्मविश्वासाने निघतो.

सगळ्यात अवघड परीक्षा मात्र आरटीओत होत नाही. ती शोरूमच्या दारात होते. नवी गाडी हार घालून उभी, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ फुटलेला, चारही चाकांखाली एकेक लिंबू. गुरुजी म्हणतात, “यजमान, एवढं लिंबावरून घ्या.” शोरूमचा मुलगा दार उघडून उभा. मेहुण्याचा मोबाइल व्हिडिओवर. जायचं आहे जेमतेम हातभर, आणि हातभर जाण्यासाठी जो हाफ क्लच लागतो तो चौथ्या गिअरमध्ये महामार्गावर पळणाऱ्यालाही नीट येत नाही. जास्त सोडला तर गाडी काचेच्या दारात, कमी सोडला तर लिंबू तसंच. फोरमनने श्वास रोखला, टाच जमिनीला टेकवली, नुसत्या चवड्याने पेडल केसाकेसाने वर येऊ दिलं. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला, स्टिअरिंगला बारीक थरथर आली. तिथेच त्याने पाय थांबवला. चार लिंबं एकापाठोपाठ चिरडली. आवाज बंद करून पाहिला तर व्हिडिओत यजमान निवांत दिसतात; कपाळावरचा घाम हारामुळे झाकला गेला.

नाशिककराची नवी गाडी मग पहिली वणीला जाते. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट सुरू झाला की शिकाऊचा उजवा हात गिअरवरून निघत नाही, म्हणजे डावा. उजव्याने स्टिअरिंग आवळलेलं असतं. इथे ट्रेनिंगच्या पोराने शिकवलेलं एक वाक्य उपयोगी पडतं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. वाहतुकीचे नियमही अरुंद घाटरस्त्यावर वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायला सांगतात, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उठवणं काय असतं हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक असणार. हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, क्लच थरथरेपर्यंत सोडायचा, मग हँडब्रेक. तीन हातांचं काम दोन हातांनी. त्यात मागच्या सीटवरून आई म्हणते, “अरे, गाडी मागे चाललीये का?”

आता हे सगळं कशाला, असं मुलगी विचारते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर आणला, विजेच्या गाड्यांत तर क्लचचं पेडलच नाही. आपल्याकडे मोटारीचं लायसन्स एकच. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तरी गिअरची गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला गिअरची मोटार चालवता येत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. आणि अमेरिकेत वाढलेला भाचा सुटीत नाशिकला येतो, मामाच्या गाडीची किल्ली मागून घेतो, खाली तीन पेडलं बघून मुकाट्याने रिक्षा बोलावतो.

फोरमनचं मत विचाराल तर गिअरची गाडी शिकून घ्यावी. एक तर ती स्वस्त पडते. दुसरं, लग्नाच्या वऱ्हाडात मध्यरात्री कुणाची बोलेरो आडवी उभी असते आणि ‘गाडी कुणाला येते?’ अशी हाक येते, तेव्हा ती ऑटोमॅटिक नसते. डिझेलची असली तर चिंताच नको. क्लच नीट सोडला तर रेस न देताही ती सपाटीवर निघते.

तुम्हाला आधीच येत असेल, तर एवढंच करा. पाथर्डी फाट्याला किंवा पांडवलेण्याच्या पायथ्याशी चढावर पुढे लाल ‘एल’ दिसला, तर हॉर्न वाजवू नका आणि एक गाडीभर अंतर सोडून थांबा. ती गाडी पुढे जाण्याआधी थोडी मागे येणार आहे.