टोपी बदलून आलेला

आरतीनंतर प्रसाद वाटायला बसलं की एक गोष्ट ठरलेली. मघाशी पेढा घेऊन गेलेलं एखादं कार्टं टोपी बदलून पुन्हा समोर उभं राहतं. वाटणाऱ्याला चेहरा ओळखीचा वाटतो, पण खात्री नसते. शेवटी तो दुसरा पेढा देऊन मोकळा होतो.

फिडोनेटवाल्या हौशी मंडळींचा जन्म याच पेचात गेला. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने फिडोनेट हे संगणकांचं जाळं सुरू केलं. घरचा संगणक, घरचाच फोन. रात्री कॉलचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावून पत्रांचं गाठोडं त्याच्याकडे सोपवी. वर कोणी पोस्टमास्तर नाही, आणि बिल ज्याचं त्याने भरायचं. पुढे डॅलसच्या जेफ रशने एकोमेल आणलं. म्हणजे चावडीच! एकाने लिहायचं आणि प्रत सगळ्यांकडे पोचायची.

इथेच गोची झाली. अ ने ब ला दिलं, ब ने क ला आणि क ने भोळेपणाने परत अ ला. गावातली बातमीही अशीच फिरून सांगणाऱ्याच्याच दारी येते, पण माणूस निदान हसून ‘अहो, मीच सांगितली की’ म्हणतो. संगणक मुकाट्याने पुन्हा पुढे धाडतो, तेही मालकाच्या ट्रंककॉलवर. एखाद्याने चिडून ‘पत्रं दोनदा येताहेत’ अशी तक्रार टाकली, तर तीही त्याच वाटेने दोनदा फिरणार.

यावर उपाय निघाला तो पत्राखालच्या ‘सीन-बाय’ ओळींचा. पत्र कोणाकोणाला पोचलं त्यांचे क्रमांक तिथे लिहायचे; लग्नघरात पत्रिका वाटताना यादीवर खुणा करतात तसे. पण या क्रमांकांत खंडाचा आकडा नसे. त्यामुळे पत्र समुद्रापार जाताना यादी पुसावी लागे, आणि पलीकडे पुन्हा कोरी पाटी.

मग प्रत्येक पत्राला स्वतःचा ओळख-क्रमांक आला. नियम असा, की एका संगणकाने तोच क्रमांक तीन वर्षांत पुन्हा वापरायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. ‘कधीच नाही’ म्हणण्याचा आव त्यात नाही. पत्रं वाटणारा प्रोग्राम, त्याला ‘टॉसर’ म्हणत, आलेल्या पत्रांची ओळख लक्षात ठेवी. पण डिस्क इवलीशी, जुनं विसरावंच लागे. अशात कोणाची डिस्क बसली आणि त्याने बॅकअपमधून सगळं परत चढवलं, की जुनी भांडणं ताज्या रागासकट पुन्हा दारात येत. ज्या टॉसरची भिस्त नुसत्या मजकुरावर असे, त्याला तर वाटेत कोणी एक रिकामी जागा खाल्ली तरी पत्र नवं वाटे. टोपी बदलली, झालं!

आमच्या मामांचा बहात्तरच्या दुष्काळातला विहिरीचा किस्सा तीन वर्षं काय, तीन आठवडेही थांबत नाही. तरी आमच्या घरचा टॉसर तो कधी अडवत नाही, कारण दर वेळी आकडा वेगळा असतो. दिवाळीत विहीर चाळीस फूट होती. गेल्या रविवारी साठ झाली.