मोत्याची शिकवणी

डॉक्टर म्हणाले, "विचार कमी करा." तेव्हापासून विचार कसा कमी करावा याचाच मी विचार करत होतो. इगतपुरीला विपश्यनेचे 10 दिवस काढून आलेला मित्र म्हणाला, "श्वासाकडे बघ." बघितलं. दुसऱ्याच श्वासाला घराचा हप्ता आठवला.

मग म्हसळ्याला मावशीकडे गेलो आणि अंगणातच गुरू सापडला. मोत्या. भाकरी आली की खाल्ली, ऊन आलं की लोळला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर धडकलं, तेव्हा तो पिल्लू होता. अजूनही जोराचा वारा सुटला की मोत्या कॉटखाली जातो, वारा पडला की बाहेर. मावशी मात्र पडलेल्या पोफळी आजही मोजतेय, आणि मी तर न आलेल्या वादळांसाठीही कॉटखाली असतो.

लाजेचंही तेच. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याचा तो 'चुकलो बुवा' चेहरा गुन्ह्यामुळे नव्हे, मालकाच्या ओरडण्यामुळे होतो, असं त्यात दिसलं. काहीही न करता ओरडा खाल्लेली कुत्रीसुद्धा अपराधी दिसली. साहेबांसमोर माझा चेहरा असाच होतो. मोत्याचा पाच मिनिटांत पूर्ववत होतो, माझा दिवाळीपर्यंत टिकतो.

तेव्हा ठरवलं, एक सकाळ मोत्याच्या मागे जायचं. फोन घरी, चष्मा डोळ्यांवर, डोकं रिकामं.

एसटी स्टँडच्या अलीकडे विजेचा खांब आहे. त्याचा मोत्याने असा पंचनामा मांडला की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊन दमलो. इथे माझी पहिली पंचाईत झाली. मी समजत होतो याला कालचं काही नसतं. पण माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20-30 कोटी. रात्री कोण आलं, कोण गेलं, सगळं तो त्या खांबावरून काढत होता. गुरूचा 'आत्ता' कालच्या भानगडींनी गच्च भरलेला होता! फक्त त्यावर तो मनाला काही लावून घेत नव्हता. तंगडी वर केली, पुढे निघाला.

"काय पडलं का हो?" शाळेत निघालेल्या एका मास्तरांनी विचारलं.

"नाही, मोत्याबरोबर आलोय."

मास्तर जरा लांबूनच गेले.

मासळीवाल्या बायका बसतात तिथे दुसऱ्या आळीची टोळी होती. त्यांनी मोत्याला हुंगलं, शेपट्या हलल्या, परिचय झाला. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. भुंकायला आधी कोणी सुरुवात केली हे मी कोर्टातही सांगेन: मोत्याने. मी मागे सरत गडग्यावर चढलो. गडग्याचे दगड हलत होते, माझे पाय त्याहून जास्त.

"अवो, खाली वाका! दगड उचलल्यासारखं करा, पळतील!" मासळीच्या पाटीमागून एक बाई ओरडली.

उतरलो आणि वाकलो. उपाय अचूक होता. टोळी पांगली, सगळ्यांच्या पुढे मोत्या. पण मी तसाच राहिलो. कमरेत असं काही धरलं की समोर फक्त माझ्या चपला आणि बोंबलाचं एक डोकं दिसत होतं. त्या क्षणी डोक्यात खरोखर एकही विचार नव्हता. डॉक्टरांनी बघायला हवं होतं.

दोन पोरांनी मला तशाच घडीत मिनिडोरमध्ये बसवलं. घरी पोचलो तर मोत्या आधीच अंगणात, आणि शेपटी हलवत असा पुढे आला की जणू वर्षाने भेटतोय. चेहऱ्यावर अपराधीपणाचा मागमूस नाही. अर्थात, त्याला कोणी ओरडलंच नव्हतं.

मावशीने तव्यावर फडकं तापवून कंबर शेकायला घेतली. सगळी हकिगत ऐकली, मधे हसू दाबलं, मग गंभीरपणे म्हणाली, "पण दगड उचललास का रे शेवटी?"

"नाही."

"मग एवढा वाकलास कशाला?"