सपाट पायली

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ यांच्या खाली लाल अक्षरांत लिहिलंय : ‘सातबारा ५ मिनिटांत’. किन्हवलीत ही पाटी वाचून कोणी हसत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या या पट्ट्यात लिहिलेल्या आकड्याकडे लोक प्रेमानं बघतात, त्याच्यावर विसंबत मात्र नाहीत. एसटीची वेळ लिहिलेली असते. मीटरवर व्होल्ट लिहिलेले असतात. तानसा, भातसा आमच्याच तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते आणि चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. टँकरच्या पाठीवरही लिटर लिहिलेले असतातच.

त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं तेव्हा मी सावध असायला हवं होतं. विकणारा म्हणाला, “घरगुती वापर आहे, मुलगा फक्त सुटीत गेम खेळायचा.” जुनी स्कूटर जशी कायम डॉक्टरांनीच वापरलेली असते, तसं जुनं कार्ड कायम सुटीतल्या मुलाचं असतं. खोक्यावर मात्र स्वच्छ छापलेलं होतं : मेमरीचा वेग ७०१०.

मला गेम खेळायचे नव्हते. मला पल्सार, म्हणजे ठोके देणारे तारे, शोधायचे होते. ‘आइनस्टाइन ॲट होम’ नावाचा एक उपक्रम २००५ पासून चालू आहे. दुर्बिणींनी गोळा केलेल्या माहितीचे तुकडे जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटतात आणि रिकाम्या वेळात तुमचं यंत्र त्यांत ताऱ्यांचे ठोके शोधत बसतं. २०१० साली अरेसिबोच्या दुर्बिणीनं टिपलेल्या माहितीतून एक नवा पल्सार असाच सापडला. ज्यांच्या यंत्रांवर तो सापडला त्यांत अमेरिकेतल्या आयोवाचं एक जोडपं होतं आणि जर्मनीतला एक गृहस्थ. आयोवात मका पिकतो, आमच्याकडे भात, एवढाच फरक. शिवाय सरळगावला डावीकडे वळून माळशेज चढलं की पुढे खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. आकाशाशी आमचं तसं शेजारपणाचं नातं आहे.

कार्ड बसवलं, काम सुरू केलं आणि वेग पाहिला. ६००८.

इथे बाबांची पायली आणावी लागेल. बाबांनी आयुष्यभर तांदूळ विकला; त्यांची लाकडी पायली अजून घरात आहे. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. या कार्डातली जीडीडीआर५ मेमरी नेमकी याच हिशेबानं चालते. मेमरीच्या घड्याळाच्या एका ठोक्याला एका तारेवरून चार बिट जातात. म्हणून एक प्रोग्रॅम १७५२ दाखवतो, दुसरा ३५०५ आणि खोका ७०१०. माल तोच, पहिला पायल्यांत सांगतो, दुसरा अधोल्यांत, आणि ज्याला विकायचंय तो शेरांत. अशा २५६ तारा. खोक्याच्या हिशेबानं सेकंदाला २२४ गिगाबाइट माल हलायला हवा, माझ्याकडे हलत होता १९२.

“म्हणजे सात शेरांत एक शेर मारला,” बाबा म्हणाले. त्यांना गिगाबाइट कळत नाही, पण मापातली खोट कळायला त्याची गरज पडली नाही.

कार्ड बिघडलं नव्हतं. ते शहाणपणा करत होतं. या कार्डांच्या अंगी वेगवेगळ्या अवस्था असतात : पी-० म्हणजे पूर्ण जोर, पी-८ म्हणजे दुपारची डुलकी. गेम चालू केला की कार्ड पी-० मध्ये जातं. शास्त्रीय आकडेमोड दिली की ड्रायव्हर त्याला गुपचूप पी-२ मध्ये बसवतो आणि मेमरी हळू करतो. कारण असं, की खेळात एखादा ठिपका हिरव्याऐवजी जांभळा आला तर कोणाचं काही जात नाही, पुढच्या क्षणी ते चित्रच बदलतं. आकडेमोडीत एक बिट उलटला तर सगळं उत्तर कुजतं. म्हणजे गोळ्या झाडताना पूर्ण वेग आणि तारे शोधताना बेतानं. कारण पटण्यासारखं आहे. मला पटलं नाही.

उपाय होता. एका चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये पी-२ निवडायचं आणि मेमरीच्या वेगात भर टाकायची. अधोल्यांच्या हिशेबात ३००४ मध्ये ५०१ मिळवले की बरोबर ३५०५. मी कार्डाला ५०१चा आहेर केला. खोक्यावरचा वेग आला. आणि या कृतीला म्हणतात काय, तर ‘ओव्हरक्लॉकिंग’.

या शब्दानं माझं डोकं फिरलं. ‘ओव्हर’ कशाला? पायली काठोकाठ भरून वर ढीग लावला तर ती शीग. शीग मागणारा हावरट, मान्य. मी शीग मागितलीच नव्हती. काठावरून हात फिरवून सपाट केलेली पायली मागत होतो, तीही पैसे मोजून. तरी तो प्रोग्रॅम दर वेळी धमकी द्यायचा : तुम्ही हे स्वतःच्या जबाबदारीवर करत आहात. मोजणीत जमीन सातबाऱ्यापेक्षा दोन गुंठे कमी भरली आणि शेतकरी दोन गुंठे मागायला गेला, की समोरचा अशाच नजरेनं बघतो. (कॉम्प्युटरच्या साध्या रॅमचंही तेच. पाकिटावर ३२०० लिहून विकतात आणि बायोसमध्ये शिरून एक खूण केली नाही तर ती जन्मभर २१३३ नाहीतर २४००वर रवंथ करते.)

पौषातल्या रात्री सुखाच्या गेल्या. बाहेर थंडी, गाव झोपलेलं, व्होल्टेज भरपूर, कार्ड ७०१०वर. या उपक्रमात तेच काम आणखी कोणालातरी दिलेलं असतं. दोघांची उत्तरं जुळली तरच ग्राह्य. सकाळी चहा घेताना बाबा विचारायचे, “जुळलं का रे?”

“जुळलं, बाबा.”

“दुसऱ्याचं माप कोणाकडे होतं?”

“असेल कोणी जर्मनीतला.”

“सचोटीचा दिसतो.”

मग वैशाख आला. दुकानाला पत्रे आहेत. दुपारी दोनला आत बसलं की भाजणीच्या राबात बसल्यासारखं वाटतं, आणि मेमरीच्या चिपांना ना पंखा पुरतो ना शेजारी तापलेला मुख्य प्रोसेसर सोसतो. यूपीएस टकटक करायला लागला. उत्तरांपुढे ‘अवैध’ दिसू लागलं. एक, मग चार, मग अकरा. जर्मनीतल्या गृहस्थाला माझ्याबद्दल काय वाटत असेल या विचारानं मला जेवण जाईना. बाबांनी एवढंच सुचवलं, “उन्हाळ्यात थोडं हलक्या हातानं भर.” मी ऐकलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

अशाच एका दुपारी पाड्यावरची एक म्हातारी सातबारा काढायला आली. कर्जाच्या कागदासाठी हवा होता आणि साडेतीनची एसटी तिला धरायची होती. मी गट नंबर टाकला, उतारा पडद्यावर आला, तिच्या नवऱ्याचं नाव दिसलं. छापा म्हणून बोट टेकवलं आणि पडद्यावर रंगीत चौकोन सांडले. आधी कोपऱ्यात चार-दोन, मग गुलालासारखे सगळीकडे. नवऱ्याचं नाव हिरवं झालं, गट नंबर जांभळा झाला, मग सगळं काळं. पुन्हा चालू केलं. साइट उघडेना. उघडली तर वीज गेली. वीज आली तोवर साइट बसली.

म्हातारी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती. साडेतीनची एसटी, नवल म्हणजे, साडेतीनलाच आली आणि निघून गेली. तिनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मान वर करून पाटीकडे. अक्षरओळख तिला बहुधा नव्हती, पण आकडा वाचता येत होता.

“पाच लिवलंय ना रं, बाबू?”

“हो, आजी.”

“मंग पाचच दे. मला काय चार नकोत.”

मागे पायलीवरची धूळ पुसत बसलेल्या बाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडाला उपरणं लावलं. मी खाली वाकलो, ५०१चा आहेर परत घेतला आणि आजींसाठी चहा सांगितला.