स्लॅब पडला

आमच्या घरात हल्ली महिने मोजत नाहीत, स्लॅब मोजतात. धाकट्याची मुंज पाचव्या आणि सहाव्या स्लॅबच्या मध्ये झाली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठव्याला. पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर आमची ६२० चौरस फूट हवा आहे. रीतसर मुद्रांक शुल्क भरलेली, इंडेक्स टूवर चढलेली. जीएसटीसुद्धा भरतोय, ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर घेतलं तर तो लागत नाही, हवेला लागतो. एका रविवारी रस्त्याच्या पलीकडून आम्ही आमची हवा बघत उभे होतो, तर एक घार तिच्यातून आरपार गेली. हिचा चेहरा असा झाला, जणू कुणी चपला न काढता आत आलं.

हप्त्यांचं गणित साधं आहे. महारेराच्या नमुना करारात पायऱ्याच दिल्यात: करार झाला की एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब संपेतो ७०. मग प्लास्टर, नळ, लिफ्ट करत करत शेवटचे ५ टक्के ताबा घेताना. कागदावर हे फार समंजस वाटतं. पण प्रत्येक स्लॅबला बिल्डरचं मागणीपत्र येतं, बँक पैसे सोडते आणि आमचं व्याज एक मजला वर चढतं. शिवाय सध्याच्या घराचं भाडं आहेच. म्हणजे राहतो त्याचं भाडं आणि राहत नाही त्याचं व्याज.

त्यामुळे नवरा-बायकोत एक सूक्ष्म मतभेद आहे. काम भराभर व्हावं असं हिला वाटतं. मलाही वाटतं, पण बोनस झाल्यावर. छठपूजेला सगळे गवंडी गावी गेले तेव्हा ही हळहळली. मी मात्र सूर्यनारायणाला मनोमन दोन अर्घ्यं जास्त दिली.

नववा झाला त्या दिवशी मी साताऱ्याला आत्याला फोन केला. "आत्या, नववा स्लॅब पडला!"

पलीकडे शांतता. मग, "अरे देवा! कुणाला लागलं तर नाही ना रे?"

"अगं, पडला म्हणजे टाकला."

"मग टाकला म्हण की! पडला कशाला?" तिचा श्वास जागेवर आला. "आणि पैसे?"

"ते पडले."

अकरावा म्हणजे आमची जमीन. बाराव्याचं सेंटरिंग लागायच्या आत साइट इंजिनिअरने एका रविवारी वर न्यायचं कबूल केलं. मालवाहू लिफ्टने नाही, जिन्याने. आई दर तिसऱ्या मजल्यावर बसत, पण आली. वर नुसतं आभाळ, कॉलमच्या उभ्या सळ्या आणि खाली ओलसर काँक्रीट. हिने पर्समधून खडू काढला आणि नकाशा हातात धरून ओटा आखला. मग फ्रिज. फ्रिजचं दार ओट्यावर आपटायला लागलं तसा पुसून पुन्हा आखला. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे लक्षातच आलं नव्हतं, कारण तिथे दारंच लावलेली नव्हती; एकदम ऐसपैस वाटलं होतं.

एवढ्यात मागे इंजिनिअरचा आवाज आला. आई अंबाड्यावर कसंबसं पिवळं हेल्मेट सांभाळत, जिथे पुढे आमचं दार येणार त्या जागी वाकून चपला काढत होती.

"काकू, चपला घाला, खिळे आहेत."

आईने त्याच्याकडे वर बघितलं.

"घरात?"