बाई, तुम्ही कुणाच्यातल्या?

"तुम्ही कुणाच्यातल्या?" हे आमच्या शेजारच्या अक्का कधी सरळ विचारत नाहीत. आधी गाव, मग आडनाव, मग घरात मटण चालतं का, आणि एवढ्यानंही भागलं नाही तर कुलदैवत. जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालेल्या नव्या बाई शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं आल्या, त्या दिवशी अक्कांची ही सगळी चाळणी कामाला लागली. गाव नगर. आडनाव असं, की मराठ्यांतही निघावं, माळ्यांतही निघावं. मटण चालतं, पण सध्या बंद आहे. आता राहिलं काय?

"मग कुलदैवत जेजुरी का तुळजापूर?"

बाई दोरीवर ओढणी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात कुलदैवत नसतं, अक्का. आम्ही ख्रिस्ती."

"आँ? पण तुम्ही तर चांगलं मराठी बोललालाव की!"

हे कोण म्हणतंय बघा! अक्कांचं माहेर पार अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मी कुंपणाच्या अलीकडे लसूण सोलत बसले होते. हसू आवरेना म्हणून मान खाली घातली.

बाई मात्र जराही चिडल्या नाहीत. वय सव्विसाच्या आसपास, आवाज मोठा, वर्गात कमावलेला. म्हणाल्या, "अक्का, आमच्या घरात चार पिढ्या मराठीच. इंग्रजी मलाच येत नाही धड, नाहीतर इंग्लिश मीडियमला नसते का गेले?" मग नोकरीचं निघालं. पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली म्हणाल्या, 2024 च्या भरतीत.

"पवित्र? म्हणजे हे बी चर्चचंच का?"

त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा खदखदून हसताना पाहिलं. पवित्र हे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाचं नाव आहे हे अक्कांना पटवायला त्यांचा पुतण्या बोलवावा लागला. तो बिचारा टीईटी देऊन, अभियोग्यता परीक्षा देऊन त्याच पोर्टलकडे डोळे लावून बसलेला. त्यानं येताच दुसरा प्रश्न टाकला, "कुठल्या कोट्यातून लागलात, मॅडम?"

या प्रश्नाचं उत्तर तसं किचकट आहे, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नाही. अनुसूचित जातींच्या सवलती ठरल्या त्या 1950 च्या आदेशानं, आणि त्यात धर्माची अट घातली. पुढं 1956 साली शीख त्यात आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले मात्र अजून बाहेर. आपल्या राज्यात त्यांना ओबीसीत धरतात. पणजोबा ज्या वस्तीत राहिले तीच वस्ती, तेच पाणी, तीच वागणूक, पण अर्जातला रकाना वेगळा. बाईंनी हे सगळं पुतण्याला सांगितलं, कुरकुरीचा सूर न लावता. पोरगा गप्प झाला. आमच्या वळसंगात बाबासाहेबांच्या हस्ते खुली झालेली विहीर आहे, चौदा एप्रिलला लोक लांबून तिथं येतात, पाणी भरून घरी नेतात. अशा गावात राहून आपण अजून आडनावाची चाळणी लावतो, याची लाज मला वाटली. अक्कांना वाटली की नाही, विचारू नका.

नगरची माणसं ख्रिस्ती कशी, हा अक्कांचा पुढचा आठवडाभराचा विषय होता. ते मी सांगितलं, कारण मी अंगणवाडीत नोकरी केलेली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले, आणि 1860 च्या दशकात आपल्या सोलापुरात. शाळा काढल्या, मुलींच्या काढल्या. इंग्रजांच्या काळातल्या छप्पनच्या दुष्काळात उघडी पडलेली पोरं सांभाळली. मेरी हार्डिंग नावाच्या एका बाईनं सोलापुरात बालवाडी चालवली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या. आज अंगणवाडीत आपण मणी ओवायला लावतो, टाळ्यांवर गाणी म्हणून घेतो, ते या भागात कुणी रुजवलं? अक्का म्हणाल्या, "मग त्यांनी पोरांना बाटवलं असंल की!" कुणी झाले ख्रिस्ती, कुणी नाही झाले. पोटाला मिळालं म्हणून झाले असं म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. पण ज्याला गावानं विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यानं ज्या दारात माणूस म्हणून घेतलं त्या दारात जाऊ नये, हे सांगायचा हक्क गावाला उरतो का? हे मी अक्कांना बोलले नाही. संध्याकाळी भाकरीचं पीठ संपलं तर त्यांच्याकडेच जायचं असतं.

खरी गंमत पुढं झाली. जून लागला, शाळा भरली, आणि पंधरा दिवसांत एक आई तरातरा कुंपणाशी आली. म्हणाली, "त्या बाई पोरांना येशूचं गाणं शिकवलाल्यात."

"कुठलं गं?"

"जगावर प्रेम करा, दीनदुबळ्यांना जवळ करा, असलं काहीतरी हाय. पोरगं घरात दिवसभर म्हणतंय."

मी पोराला बोलावून म्हणायला लावलं. ती साने गुरुजींची प्रार्थना निघाली! आपण शाळेत असताना रांगेत उभं राहून म्हणत होतो तीच. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले गुरुजी, 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला विठोबाचं देऊळ हरिजनांना उघडं करा म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेले गुरुजी. आपल्याच जिल्ह्यात बसले होते. आणि त्यांची प्रार्थना आज कानावर पडली तर आपल्याला ती परधर्माची वाटते! आता यात बाईंचा काय दोष, सांगा.

बाईंना ही गोष्ट कळली तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. जरा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "काकू, म्हणूनच मी शाळेत माझं काहीच काढत नाही. सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, घटनेच्या 28 व्या कलमातच आहे ते. वर्गात शिरताना मनात प्रार्थना करते, ती माझ्यापुरती. नाताळाला फळ्यावर चांदणीसुद्धा काढत नाही."

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. त्याच शाळेत शारदापूजन होतं, गणपती बसतो, नव्या खोलीला नारळ फुटतो. ते कुणाला धर्माचं शिक्षण वाटत नाही. बाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येतात, रांगोळी त्याच काढतात, पोरींच्या वेण्या त्याच घालतात. फक्त नारळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतात, आणि तेही इतक्या सफाईनं की कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या आलं, कारण मी शेजारीण आहे.

प्रसादाचं तर वेगळंच नाटक. गुरुवारी आणि पौर्णिमेला आमच्या रस्त्यानं अक्कलकोटला गाड्यांची रीघ लागते. कुणी ना कुणी ओळखीचा परतताना स्वामींचा प्रसाद देऊन जातो. अक्कांनी पहिल्यांदा वाटी कुंपणावरून पुढं केली तेव्हा बाईंचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग त्यांनी घेतला आणि तिथंच उभ्या राहून खाल्ला. रात्री मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, घरात यावरून कायम वाद. आजी खाते, आई खात नाही. दोघीही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसतात, आणि दोघीही तेच पान काढतात, पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय. मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न खावं की न खावं, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या करिंथ शहरात पेटला होता म्हणे. पौलाचं म्हणणं असं, की अन्नानं देवाजवळ कुणी जात नाही की लांबही जात नाही, पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्या कुणाचं मन दुखावत असेल तर विचार कर. आजी म्हणते, न खाल्ल्यानं शेजारणीचं मन दुखावतं. आई म्हणते, खाल्ल्यानं मंडळीतल्या माणसांचं दुखावतं.

"आणि तुम्ही?"

"मी आईसमोर खात नाही," बाई म्हणाल्या.

अक्कांना यातला आठवा अध्याय कळला नाही, पण आई कळली. तेव्हापासून बाईंची आई चार दिवस राहायला आली की अक्का वाटी पुढं करत नाहीत. न सांगता.

शाळेतल्या जेवणाचंही सांगते. आठवड्यातून एकदा पोषण आहारात अंडं द्यायचं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं. आमच्याकडे लिंगायतांची पोरं बरीच. अक्कांच्या नातवाच्या गळ्यात लिंग आहे. अक्कांना घोर, की ख्रिस्ती बाई नजर चुकवून अंडं चारणार. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः जाऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. तर बाई एकेका पोराच्या हातात बघून केळं देत होत्या, आणि अक्कांच्या नातवाला ओरडत होत्या. कारण तो केळं देऊन शेजारच्याकडून अंडं बदलून घेत होता! त्या दिवसापासून अक्का अंड्याचं नाव काढत नाहीत. पुढं सरकारनंच अंड्याचे पैसे बंद केले.

ही पोरं घरात कानडी बोलतात, हा बाईंचा खरा ताप. पहिलीतलं पोर "नीरु" म्हणून रडतंय आणि नगरच्या बाईंना पाणी पाहिजे हे कळायला वेळ लागला. आता संध्याकाळी भाजी निवडता निवडता अक्काच त्यांची शिकवणी घेतात. ओदु म्हणजे वाच, बा म्हणजे ये. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, 2020 साली ज्यांना जगातलं मोठं शिक्षक पारितोषिक मिळालं, तेही आधी पोरांसाठी कानडीच शिकले होते, असं बाईंनी सांगितल्यावर अक्कांची छाती फुगली. आता त्या बाईंना गुरुदक्षिणा मागतात. मागतात काय, तर नगरहून येताना खवा.

पगाराचं म्हणाल, तर पगार नाहीच, मानधन. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायची, महिना सोळा हजार. 2023 च्या आधी तेही सहा हजार होतं. त्यातून खोलीभाडं, घरी पाठवायचे, आणि देवाचा दशांश बाजूला. दहावा हिस्सा! अक्का म्हणाल्या, "सोळाशे? दर महिन्याला? देव एवढा म्हागडा?" बाई म्हणाल्या, जमत नाही कधी कधी, तेव्हा कमी टाकते. त्यावर यादीची कामं, ऑनलाइन माहिती भरायची कामं, फोटो पाठवायची कामं. कधी कधी रात्री दहाला फोनच्या उजेडात त्यांचा चेहरा खिडकीत दिसतो. मला वाटायचं प्रार्थना करतात. विचारलं तर म्हणाल्या, पोषण आहाराची नोंद राहिली होती.

प्रार्थना पहाटे असते. एकदा चूल पेटवताना अक्कांनी कान दिला आणि मला हाक मारली, "अगं, बाई तुकोबाचा अभंग म्हणलाल्यात बघ!" चाल अभंगाचीच होती. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, टिळकांचं आहे.

"लोकमान्यांचं?"

"नाही हो, रेव्हरंड टिळकांचं."

नारायण वामन टिळक, चित्पावन ब्राह्मण, 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या, नवऱ्यानं धर्म बदलल्यावर काही काळ पंढरपुरात राहिल्या, सोवळंओवळं पाळत, आणि मग पाच वर्षांनी स्वतःच्या डोक्यानं विचार करून ख्रिस्ती झाल्या. अक्कांना टिळकांत रस नव्हता, लक्ष्मीबाईंत होता. "पाच वर्षं नवऱ्याचं ऐकलं न्हाई?" असं त्यांनी परत परत विचारून घेतलं. खूश झाल्या.

रविवारी सकाळी सगळी गर्दी अक्कलकोटकडे जाते आणि बाई एकट्या उलट्या दिशेच्या एसटीला हात करतात, सोलापूरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला. परवा अक्का विषयावर आल्याच. "लग्नाचं काय, बाई? तुमच्यात स्थळं कशी बघतात?"

बाईंनी सांगितलं, पाळकसाहेब असतात, नातेवाईक असतात, आता फोनवरही असतात. आणि लग्न ठरलं की सलग तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून.

"भर लोकांत?"

"भर लोकांत."

अक्का तारेला टेकून विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आमच्या लग्नात असं पुकारलं असतं ना, मी स्वतःच उभी राहिले असते. नवऱ्याला हरकत न्हाई म्हणाले असते. सासूला हाय."

घरातून कानडीत हाक आली, चहा उतू जातोय म्हणून. अक्का "बंदे, बंदे" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. उलट आवाज खाली आणून विचारलं, "पण बाई, आजवर कुणी खरंच हरकत घेतली का? कोण होतं? काय झालं पुढं?"

बाईंनी ओढणी खोचली आणि कुंपणाच्या आणखी जवळ आल्या.