वस्ती नाही, प्लॉट संपले

नवं आभासी जग लाँच झालं की त्यात सगळ्यात आधी काय उघडतं?

बाजार. रस्ते मागाहून येतात, माणसं त्याच्याही मागाहून. खेळ तर पुष्कळदा येतच नाही.

30 एप्रिल 2022 ची विक्री आठवा. ‘बोअर्ड एप’ ही वानरांची चित्रं विकून गब्बर झालेल्या युगा लॅब्सने ‘अदरसाइड’ नावाच्या आपल्या नव्या जगातले 55,000 प्लॉट विक्रीला काढले. एका प्लॉटचा भाव 305 एपकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 5,800 डॉलर. काही तासांत सगळे खपले. कंपनीकडे 30 कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली.

जग मात्र अजून बांधायचं होतं.

आणि ही झाली फक्त प्लॉटची किंमत. ही विक्री ‘इथेरियम’ या ब्लॉकचेनवर झाली. तिथे कुठलाही व्यवहार नोंदवायचा तर शुल्क लागतं, त्याला ‘गॅस’ म्हणतात. झुंबड उडाली की हे शुल्क बोली लावल्यासारखं चढत जातं. त्या दिवशी ते इतकं चढलं की अनेकांना प्लॉटपेक्षा गॅस महाग पडला. काहींचा व्यवहार अर्ध्यावर फसला. प्लॉट मिळाला नाही आणि गॅसही गेला. अशांचे पैसे परत देऊ, असं कंपनीने नंतर जाहीर केलं. दिवसभरात नुसत्या गॅसपोटी 15 कोटी डॉलरहून अधिक उडाले होते.

आपल्याकडे बिल्डरला महारेराच्या नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातसुद्धा करता येत नाही. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते बांधकामावर आणि जमिनीच्या खर्चावरच वापरावे लागतात. हा कायदा कुणी हौसेने केलेला नाही. हप्ते भरून वर्षानुवर्षं ताबा न मिळालेल्या माणसांच्या तळतळाटातून तो आला आहे. मग जिथे वीटच नाही, तिथे हा नियम नको का?

तिथे तर तो जास्त हवा.

आभासी जमिनीच्या या धंद्याचं थोरलं नाव म्हणजे डिसेंट्रालँड. ऑगस्ट 2017 मध्ये ‘माना’ हे नाणं विकून तिथल्या मंडळींनी मिनिटभरात 2.4 कोटी डॉलर उभे केले. सर्वसामान्यांसाठी दार उघडलं 20 फेब्रुवारी 2020 ला. मधल्या अडीच वर्षांत लोक आत न जाताच आतली जमीन घेत आणि विकत होते.

आत जाणं सोपं आहे. पाहुणा म्हणून शिरता येतं. चेहरा, केस, कपडे निवडायचे, की तुमचा अवतार मधल्या चौकात उभा. चौक देखणा आहे, यात वाद नाही. चौकाबाहेर चालायला लागा. एखादी आर्ट गॅलरी लागते, जिच्यात चित्रं आहेत आणि बघणारे नाहीत. एखाद्या ब्रँडची इमारत लागते, जिचा कार्यक्रम कधीच होऊन गेला. मग मोकळे प्लॉट. मग आणखी मोकळे प्लॉट.

मोकळे, पण विकले गेलेले.

एक प्लॉट 16 मीटर बाय 16 मीटरचा, म्हणजे साधारण 2,750 चौरस फूट. आडवे 301, उभे 301, एकूण 90,601. याहून एकही जास्त निघणार नाही, असं सांगून भाव चढवला गेला. ‘जमीन मर्यादित आहे’ हे वाक्य मुंबईकराच्या काळजाला लगेच भिडतं, कारण त्याच्या शहराला तीन बाजूंनी पाणी आहे. डिसेंट्रालँडला कुठल्या बाजूने पाणी आहे? कुणीतरी 301 हा आकडा ठरवला, एवढंच. शेजारच्या ‘सँडबॉक्स’ने 408 ठरवला आणि तिथे 1,66,464 प्लॉट निघाले. उद्या तिसरा कुणी हजार ठरवेल.

टंचाई ठरावाने आली, भाव मात्र खऱ्या पैशात आला.

बरं, जमिनीला भाव का येतो? मोक्यामुळे. स्टेशन पाच मिनिटांवर, शाळा समोर, हमरस्ता दाराशी. अंतर कापायला वेळ लागतो म्हणून जवळच्या जागेला जास्त पैसे पडतात. डिसेंट्रालँडमध्ये चॅटच्या चौकटीत ‘गोटू’ लिहून दोन आकडे टाकले की तुम्ही थेट त्या प्लॉटवर. टोकाचा प्लॉट आणि चौकाला लागून असलेला प्लॉट, दोन्ही एकाच क्षणावर.

मग ‘मोक्याच्या’ जागेचे लाखो डॉलर कशाचे?

नोव्हेंबर 2021 मध्ये मेटाव्हर्स ग्रुप या कंपनीने तिथल्या फॅशन विभागात 116 प्लॉटचा पट्टा सुमारे 24 लाख डॉलरना घेतला. त्याच महिन्यात बार्बाडोस या देशाने तिथे दूतावास उघडण्याची घोषणा केली. फेब्रुवारी 2022 मध्ये जेपी मॉर्गन बँकेने लाउंज थाटलं. त्यात एक डिजिटल वाघ फिरत होता आणि भिंतीवर बँकेच्या प्रमुखांची तसबीर होती. सँडबॉक्समध्ये तर रॅपर स्नूप डॉगचा शेजार मिळावा म्हणून एकाने 4,50,000 डॉलर मोजले. आपल्याकडे दलेर मेहंदींनी ‘पार्टीनाइट’ या भारतीय मेटाव्हर्समध्ये ‘बल्ले बल्ले लँड’ घेतली.

मोठी नावं आली की छोटी माणसं मागोमाग येतात. बड्यांसाठी हा जाहिरातीचा खर्च असतो. छोट्यांसाठी ती जमापुंजी असते.

आता वस्ती मोजू. ऑक्टोबर 2022 मध्ये डॅपरडार या आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत डिसेंट्रालँडचे एका दिवसातले सक्रिय वापरकर्ते होते 38. गदारोळ झाला. ही मोजणी फक्त ब्लॉकचेनवर व्यवहार करणाऱ्यांची आहे, नुसते फिरायला येणारे यात धरलेले नाहीत, असं डिसेंट्रालँडने सांगितलं. त्यांचा स्वतःचा आकडा होता रोजचे सुमारे 8,000. आक्षेप रास्त आहे. आपण त्यांचाच आकडा धरू. 8,000 माणसं आणि 90,601 प्लॉट.

माणशी अकरा प्लॉट. भाडेकरू कुठून आणणार?

अवताराचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तिथे विकली जाते ती तुमची ओळख. पाहुणा म्हणून फुकट फिरा, पण नाव स्वतःचं हवं असेल तर 100 माना मोजा. नोव्हेंबर 2021 मध्ये माना साडेपाच डॉलरच्या पुढे गेला होता. म्हणजे एका नावाचे साडेपाचशे डॉलर. 2022 संपताना माना 40 सेंटच्याही खाली होता. नाव तेच, अक्षरं तीच.

शर्ट, टोपी, बूट हे सगळं टोकनच्या रूपात मिळतं. ते विकता येतं, दुसऱ्याला देता येतं. विक्रेता सांगतो की ही वस्तू कायमची तुमची, कुठल्याही जगात न्या. न्या म्हणजे कुठे न्या? डिसेंट्रालँडमधला शर्ट तिथल्या अवताराच्या सांगाड्यावर बेतलेला असतो, सँडबॉक्समधली शरीरं चौकोनी ठोकळ्यांची असतात. इथला शर्ट तिथे चढतच नाही. चढवायचा तर तिथल्या मंडळींनी तो नव्याने घडवायला हवा, आणि दुसऱ्याने विकलेला शर्ट ते फुकट का घडवतील? त्यांचाही कपड्यांचा धंदा आहे.

ब्लॉकचेन नेमकं काय नोंदवते, हे एकदा नीट समजून घ्या. अमुक क्रमांकाचं टोकन अमुक डिजिटल पाकिटाच्या नावावर आहे, इतकंच. ही नोंद पक्की असते, सहसा कुणाला खोडता येत नाही. पण चौकातले दिवे, गर्दी, संगीत, उद्याचा कार्यक्रम यातलं काहीच त्या नोंदीत नसतं. शर्ट तुमचा आहे याची खात्री तंत्रज्ञान देतं. तो घालून जायला जग उरेल का, याची खात्री कोण देणार?

आणि पाकिटाची किल्ली म्हणजे बहुधा बारा शब्द. ते हरवले की पाकीट कायमचं बंद. कुणी चोरले तर त्याचं झालं. शाखेत जाऊन अर्ज करावा, तर शाखाच नाही.

व्यवहारांचे आकडे दाखवून भुरळ घालणारे भेटतील, त्यांना ऑक्टोबर 2021 ची एक गोष्ट सांगा. ‘क्रिप्टोपंक 9998’ हे अवताराचं चित्र 53 कोटी डॉलरना विकलं गेल्याची नोंद झाली. नोंद खरी होती. पण पैसे त्या व्यवहारापुरते उसने घेतलेले होते, ते फिरून परत गेले आणि चित्र मूळ मालकाकडेच राहिलं. घेणारा आणि विकणारा वेगळे आहेत की एकच, हे ब्लॉकचेनची साखळी विचारत नाही.

मग चढता आलेख बघून हुरळायचं कशाला?

मला सर्वाधिक सलतं ते मात्र ‘ॲक्सी इन्फिनिटी’. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा हा खेळ. गोंडस प्राणी पाळायचे, लढवायचे आणि ‘एसएलपी’ हे नाणं कमवायचं. खेळायला किमान तीन प्राणी लागत, आणि 2021 च्या मध्यावर त्या तिघांना हजार डॉलरहून जास्त पडत. फिलिपाइन्समध्ये टाळेबंदीत काम गेलेल्यांकडे एवढे पैसे कुठले? मग पैसेवाल्यांनी प्राणी घेऊन गरिबांना खेळायला दिले. कमाईत वाटा मालकाचा, तासन् तास डोळे फोडणं खेळणाऱ्याचं. शेतीत याला अर्धेलीने जमीन करणं म्हणतात. या खेळात अशा खेळाडूला ‘स्कॉलर’ म्हणत.

सुरुवातीला पैसे खरोखर मिळाले. त्या पैशांवर घरं चालली. हे नाकारणं अन्यायाचं होईल.

पण पैसे येत कुठून होते? खेळून मिळालेलं नाणं नवे प्राणी जन्माला घालायला लागे, आणि ते प्राणी विकत घेत नवे खेळाडू. नवे येईनासे झाले की नाण्याला गिऱ्हाईक नाही. जुलै 2021 मध्ये एसएलपी 30 सेंटच्या वर होतं. वर्षभरात ते एका सेंटच्याही खाली घसरलं. मालकांनी पैसे गमावले, ते निदान त्यांचे जास्तीचे तरी होते. स्कॉलरने गमावली रोजची चूल.

त्यातच मार्च 2022 मध्ये दरोडा पडला. या खेळाचा पैसा ज्या ‘रोनिन’ साखळीवरून फिरे, तिच्यावर व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ किल्ल्या होत्या. पाच जुळल्या की काम फत्ते. ‘सत्ता कुणा एकाच्या हातात नाही’ असं म्हणणाऱ्या या व्यवस्थेत नवापैकी चार किल्ल्या एकट्या स्काय मेव्हिसकडे होत्या. पाचवीसाठी एक जुनी परवानगी कामी आली, जी काढून घ्यायची राहिली होती. 62 कोटी डॉलर गेले. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझरस टोळीकडे बोट दाखवलं.

चोरी झाली 23 मार्चला, कळली 29 मार्चला. तीही कुणा ग्राहकाला पैसे काढता येईनात म्हणून. सगळ्यांना सगळं दिसणाऱ्या खातेवहीत सहा दिवस कुणी पाहिलंच नाही? कंपनीने पुढे नवा पैसा उभारून ग्राहकांची भरपाई केली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. एसएलपीच्या घसरणीत जे गेलं, त्याची भरपाई कुणी केली नाही.

आभासी जगच वाईट, असं माझं म्हणणं नाही. ‘सेकंड लाइफ’ 2003 पासून सुरू आहे आणि तेही ब्लॉकचेनशिवाय. तिथे लोक कपडे शिवतात, घरं बांधतात, विकतात. घेणारे आवडलं म्हणून घेतात. लोभ तिथेही शिरला होता. जिंको नावाची आभासी बँक वर्षाला 40 टक्क्यांहून अधिक व्याज देत होती, ती 2007 मध्ये बुडाली. त्यानंतर जानेवारी 2008 मध्ये चालकांनी परवाना नसलेल्या बँकांना तिथे मनाई केली. म्हणजे जग चालवणाऱ्याला नियम करता येतात. करायची इच्छा लागते.

आपली मुलं मोबाइलवरच्या खेळात बंदुकीचं नवं रूप विकत घेतात, तेव्हा ते पैसे मजेचे असतात आणि गेले म्हणून समजायचे असतात. तेवढा व्यवहार स्वच्छ आहे. त्याच मुलाला ‘हे रूप उद्या दुप्पट भावाने विकशील’ असं सांगितलं, की खेळ संपला आणि सट्टा सुरू झाला.

पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेने दरमहा 10 टक्के परतावा, तेही 18 महिने, असं आश्वासन दिलं होतं. पुढे परतावा दिला तो ‘एमकॅप’ या स्वतःच्याच टोकनमध्ये, ज्याला बाजारात किंमत उरली नाही. 2018 मध्ये पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. ज्यांचे पैसे अडकले, त्यांत निवृत्तीची रक्कम घातलेले लोक होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता नव्या ‘लाँच’ची लिंक येते, तेव्हा एकच विचारा: आज रात्री आठ वाजता आत माणसं किती? उत्तरात भावाचा आलेख आला, तर पुढे बोलू नका.

आणि सरकार? 2022 च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टो आणि एनएफटी (म्हणजे अशा प्लॉट-अवतारांची टोकनं) यांच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, शिवाय व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. तोटा नफ्यातून वजा करता येत नाही. एका टोकनमध्ये लाख कमावले आणि दुसऱ्यात लाख घालवले, तर हातात शून्य आणि कर 30,000 रुपये, वर उपकर. लोकांना परावृत्त करायचं असेल, तर तसं उघड सांगावं.

पण फसलेल्या माणसाने जायचं कुठे? घरासाठी महारेरा आहे, शेअरसाठी सेबी आहे, विम्यासाठी आयआरडीएआय आहे. आभासी जमिनीसाठी, अवतारासाठी आणि त्यांच्या खरेदीविक्रीसाठी स्वतंत्र नियामक नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने एप्रिल 2022 पासून जोखमीचा इशारा छापायला लावला, तेवढाच काय तो आडोसा. 30 टक्क्यांचा वाटेकरी होताना सरकारला हा व्यवहार पुरेसा खरा वाटतो. मग त्यातली तक्रारही तितकीच खरी धरून ती घ्यायला एक कार्यालय याच वर्षी उघडा.