उसाचं पेट्रोल, युरियाचं डिझेल

आमच्या तालुक्यात एखादा माणूस नेता झाला हे ओळखायची खूण सोपी आहे. पद मागाहून येतं, आधी दारात पांढरी एसयूव्ही उभी राहते. ऐपत असेल तर नवी फॉर्च्युनर. ऐपतीपेक्षा हौस मोठी असेल तर जुनी ऑडी, जुनी मर्सिडीज, जुनी बीएमडब्ल्यू. बाजार समितीचे एक माजी संचालक सध्या या दुसऱ्या वाटेला लागलेत. त्यांना सगळे दादा म्हणतात, आपणही दादाच म्हणू.

नव्वद लाखांची गाडी वीस लाखांत घ्यायची, हे पक्कं झालंय. रंगावर चर्चा नाहीच. नंबर आधी ०००१ हवा होता. पण २०२४ पासून मोठी शहरं सोडून इतरत्रही त्याची सरकारी फी पाच लाखांवर गेलीय, हे कळल्यावर लांबून ‘दादा’ वाचता येईल असा ४१४१ ठरला. आता घोडं अडलंय ते पेट्रोल घ्यावी की डिझेल, यावर.

दादांचा कल अर्थातच डिझेलकडे. “डिझेल स्वस्त पडतं” हे वाक्य आपल्याकडे शपथेवर सांगितलं जातं. मे २०१२ मध्ये ते खरंही होतं. तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ही चैन संपली. दादांचं गणित मात्र अजून २०१२ सालातच उभं आहे, हँडब्रेक ओढून.

आपण नवं गणित मांडू. पेट्रोल १०३ रुपये, डिझेल ९० रुपये धरा. दादांचं रनिंग वर्षाला आठ हजार किलोमीटर. एवढ्या जड गाडीला पेट्रोलवर आठचं आणि डिझेलवर अकराचं ॲव्हरेज मिळालं, असं उदार मनाने मान्य करा. वर्षाला वाचतात साडेसदतीस हजार रुपये. अशा गाडीच्या एअर सस्पेन्शनचा एक पाय शोरूममध्ये बदलायचा तर बिल लाखाच्या घरात जातं, आणि गाडीला असे पाय चार असतात. शिवाय पासिंग आपल्या राज्यात करताना डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त कर बसतो. हे सगळं ऐकून दादा म्हणाले, “ते सगळं खरं, पण डिझेल स्वस्त पडतं.”

मग दिल्लीची गाडी आली. म्हणजे फोटो आले. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि दोन-तीन दिवसांत ते गुंडाळलंही. ऑगस्टमध्ये न्यायालयानेच सक्तीची कारवाई तूर्त नको म्हटलं. या वर-खालीत दिल्लीकरांची झोप उडाली आणि आमच्याकडच्या एजंटांना सोन्याचे दिवस आले. दिल्लीत जी भंगारात काढायची, ती एनओसी घेऊन इकडे आली की ‘टॉप मॉडेल, सिंगल हँड, डॉक्टर वापर’ होते. दिल्लीतून आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. एवढे डॉक्टर असूनही तिथली हवा का सुधारत नाही, हा प्रश्न एजंटला विचारायचा नसतो.

“मग दादा, त्यापेक्षा नवी, २०२० नंतरची बघा,” असं कोणी तरी सुचवलं. इथे खरी गंमत सुरू होते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. तेव्हापासून डिझेलच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी असते. काजळी तिच्यात अडकते आणि साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते, म्हणजे गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका दमात पळावी लागते. दादांची गाडी पळत नाही, ती उभी राहते. तहसील कचेरीसमोर इंजिन चालू, मंगल कार्यालयासमोर इंजिन चालू. दहाव्याच्या घाटावर तर कावळा शिवेपर्यंत एसी चालू. कावळ्याला उशीर झाला की तेवढा डीपीएफ भरला. काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल, ते जळण अर्धवट राहिलं की इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. एका साहेबांच्या ड्रायव्हरने ती वाढलेली पातळी मोठ्या अभिमानाने दाखवली होती : “आपली गाडी ऑइल खात नाही साहेब, उलट देते!”

त्यात युरियाची भर. बहुतेक मोठ्या जर्मन डिझेल गाड्यांना आता ॲडब्लू नावाचं पाणी लागतं. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपत आलं की गाडी आधी सांगून बघते, मग किलोमीटरची उलटी गणती लावते, आणि शून्यावर इंजिन बंद केलंत तर पुन्हा चालू होऊ देत नाही. हे ऐकताच दादांचे डोळे चमकले. घरी युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोण्यांची थप्पी आहे, बादलीत कालवून ओतला की झालं! त्यांना आवरताना पुरेवाट झाली. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुलिंबाचा लेप लावून येतो. उसाला तो मानवतो. गाडीच्या इंजेक्टरला तो मानवत नाही, आणि शेतीचं अनुदानित खत गाडीत घालणं कायद्यालाही मानवत नाही.

आता पेट्रोल. दादा दर गळीत हंगामात इथेनॉलवर तासभर बोलतात. शेतकरी अन्नदाता तर होताच, आता तो ऊर्जादाता झाला वगैरे. मग आपल्याच कारखान्याच्या उसाचा वाटा ज्या पेट्रोलमध्ये आहे ते आपल्या टाकीत का नको? यावर दादा खासगीत म्हणाले, “इंजिन खराब होतं म्हणतात हो त्याने.” शेतकऱ्यांच्या मोटरसायकलींचं काय, हे व्यासपीठावर कोणी विचारत नाही.

भीती अगदीच पोकळ नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणावर ॲव्हरेज थोडं उतरतंच. जुन्या गाड्या ई-२० धरून बनलेल्याही नाहीत. पण वाद घालण्याआधी टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचावा. ई-१० लिहिलंय की ई-२०, ते बहुधा तिथे असतं. झाकण पंपावरचा पोरगा उघडतो, त्यामुळे मालकाने ते कधी वाचलेलं नसतं.

पेट्रोल घेणाऱ्याला गाळणीची कटकट नाही की युरियाची नाही. एवढंच की ती विकायला गेलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यातच खरेदीदाराचा फायदा आहे, कारण नाक मुरडलेली गाडी स्वस्तात मिळते. ऑडीने तर २०२० मध्येच आपल्या देशात डिझेल विकणं बंद केलं. तेव्हा २०२२ ची क्यू-७ कोणी डिझेल म्हणून दाखवली, तर गाडी नाही, माणूस तपासा.

डिझेलच घ्यायची असेल तर दादांच्या खिशातला पांढरा शुभ्र रुमाल कामाला येईल. तो बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात फिरवायचा. डीपीएफवाल्या गाडीत रुमाल जवळपास पांढराच निघायला हवा. काळाकुट्ट निघाला तर गाळणी फुटलीय किंवा कोणी तरी पोखरून रिकामी केलीय. गाडी स्कॅनरला लावून काजळी किती साठलीय तो आकडाही बघावा. एजंट नको म्हणाला तर सरळ उठून यावं.

माझा कौल असा. आठवड्याला मुंबईची फेरी असेल तर डिझेल, तालुक्यातच मिरवायचं असेल तर पेट्रोल. दोन्हींत चार लाख रुपये वेगळे काढून ठेवा. गाडी वीस लाखांत मिळाली, तरी तिचे पार्ट अजून नव्वद लाखांच्या गाडीचेच आहेत. तेवढे बाजूला ठेवणं जमत नसेल तर त्याच पैशात नवी कोरी स्कॉर्पिओ येते, आणि तिचा मिस्त्री तालुक्यातच आहे.